मला गाडी लागते, सर

डिसेंबरात सहलीची सूचना वर्गात वाचून दाखवली की आमच्या शाळेतली अर्धी मुलं सांगतात, “मला गाडी लागते, सर.” कर्नाळ्याला जायचं असो की अलिबागला, उत्तर हेच. एखाद्याच्या चुलतबहिणीचं लग्न नेमकं त्याच रविवारी निघतं. एखादा म्हणतो, कर्नाळा आपला बघून झालाय, तिथे बघण्यासारखं काही नाही. हीच मुलं गणपतीला आणि शिमग्याला एसटीच्या मागच्या सीटवर धक्के खात रात्रभर प्रवास करतात, आणि परत आल्यावर त्याच सकाळी कामावर हजर होतात. खरं कारण सहलीच्या तीनशे रुपये वर्गणीचं असतं. ते कुणीही तोंडातून काढत नाही.

मी मुंबईत, गिरणगावात, रात्रशाळेत शिकवतो. तीस वर्षं होऊन गेली. दिवसाची शाळा सुटली की संध्याकाळी साडेसहाला त्याच इमारतीत आमची शाळा भरते आणि साडेनऊच्या सुमाराला सुटते. वर्ग आठवी ते दहावी. बाकं दिवसाच्या लहान मुलांच्या मापाची, त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा गुडघे बाहेर काढून तिरका बसतो. हॉटेलात फडका मारणारे, ऑफिसांच्या कॅन्टीनमध्ये कामाला असणारे, कुरियरची पाकिटं वाटणारे, बापाच्या भाजीच्या गाडीवर उभे राहणारे, धुणीभांडी करणाऱ्या मुली, असा आमचा वर्ग. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला शिकायला रात्रच उरते हे त्यांनी तेव्हा ओळखलं होतं, आणि ते आजही खरं आहे.

माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक मुलं चौदा ते अठरा या वयातली. या वयातली गरिबी लहानपणच्या गरिबीहून वेगळी असते. सहा वर्षांच्या पोराला भूक कळते, पण आपण गरीब आहोत हे कळत नाही. चौदाव्या वर्षी ते लख्ख कळतं. आपल्याला कळलंय हे आईबापांना कळू द्यायचं नाही, एवढं शहाणपणही त्याच वयात येतं.

माझं स्वतःचं लहानपण करी रोडच्या चाळीतलं. वडील गिरणीत, साचेखात्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा मी आठवीत होतो. सुरुवातीला चाळीत उत्साह होता, सभा होत्या, गाणी होती. गणपती येईपर्यंत आमच्या मजल्यावरच्या बऱ्याच घरांतली तांब्यापितळेची भांडी मोडीत गेली होती. त्या वर्षी मला कोरा चहा आवडायला लागला. समोरच्या खोलीतल्या माझ्या मित्राला क्रिकेटचा कंटाळा आला, कारण बॉलसाठी वर्गणी काढायची असे. त्याने मला चहाबद्दल विचारलं नाही, मी त्याला क्रिकेटबद्दल विचारलं नाही. पुढे त्याने शाळा सोडून मस्जिद बंदरला मसाल्याच्या दुकानात काम धरलं आणि काही वर्षांनी रात्रशाळेतून दहावी केली. मी रात्रशाळेत शिक्षक व्हायचं ठरवलं ते त्याच्याकडे बघून.

म्हणून मुलांनी दिलेली कारणं मला ओळखू येतात. दहावीच्या निकालानंतर पेपर टाकणाऱ्या, हमाली करणाऱ्या मुलांच्या बातम्या येतात, तेव्हा जिद्द आणि चिकाटी हे दोन शब्द हमखास असतात. जिद्द असते, मी नाकारत नाही. पण मुलं रोज, तासातासाला जे करतात ते निराळंच आहे. ती एक मानाचं कारण शोधून काढतात आणि त्याच्या आड घर झाकून घेतात. त्यात त्यांची केवढी बुद्धी खर्ची पडते! तेवढी बीजगणिताला मिळाली असती तर काय झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

नववीत एक मुलगी होती. सोमवारी तिचा शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. संकष्टी आणि एकादशी वेगळ्या. आठच्या सुट्टीत बाकीच्या मुली डबा उघडत तेव्हा ती पाण्याची बाटली घेऊन जिन्यात बसे. कुणी घास पुढे केला की हात जोडून म्हणे, “नको गं, आज माझा उपास.” आणि तिच्या बोलण्यात खरोखरची श्रद्धा असे. तेच मला पहिल्यांदा समजलं नव्हतं, पण हळूहळू लक्षात आलं. ती खोटं बोलत नव्हती. घरात तसाही एक वेळचाच स्वयंपाक होता, तर तो देवाच्या नावे जावा, म्हणजे उपाशी राहण्याला काही अर्थ येतो, असं तिने स्वतःपुरतं लावून घेतलं होतं. आपण गरीब म्हणून उपाशी नाही, आपण उपास करणारी मुलगी आहोत. पंधराव्या वर्षी माणसाला मान किती लागतो!

तिला बाजूला बोलावून “घरी खायला आहे ना?” असं विचारणं सोपं होतं. विचारलं असतं तर ती “आहे” म्हणाली असती आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नसती. अशी विचारपूस होऊन शाळा सुटलेली मुलं मी पाहिली होती. आम्ही शिक्षकांनी मिळून एका मंडळाला गाठलं आणि आठच्या सुट्टीत सगळ्यांना काहीतरी खायला द्यायला सुरुवात केली. नियम एकच, की यादी नाही, नाव नाही, सही नाही. शिक्षक, शिपाई, मुलं, सगळे एका रांगेत उभे राहून घेणार. एक दिवस उसळ-पाव, एक दिवस केळी, आणि उपासवाल्यांसाठी राजगिऱ्याचे लाडू कायम डब्यात. तिने पहिल्या दिवशी लाडू उचलला. लाडू उपासाला चालतो. महिन्याभराने तिचा मंगळवारचा उपास सुटला, नंतर गुरुवारचा. सोमवारचा तिने शेवटपर्यंत ठेवला, तो बहुधा खरा असावा. आम्ही दोघं याविषयी एक शब्दही बोललो नाही. पाठीमागे बसून मान खाली घालून खाणाऱ्या मुलांचं प्रमाण त्या वर्षी कमी झालं, आणि गैरहजेरीही.

मदत करणाऱ्यांच्या मनात खोट नसते, तरी त्यांना फोटो हवा असतो. दप्तरं वाटायची तर गरजूंची यादी द्या, म्हणतात. हे गरजू, ते गरजू नाहीत, असं नाव पुकारून उभं करायचं. आठ वर्षांचं मूल दप्तर घेऊन आनंदाने उड्या मारतं. पंधरा वर्षांचा मुलगा ते दप्तर घेतो आणि वर्षभर पिशवीतून पुस्तकं आणतो. वाटणाऱ्यांना वाटतं, या मुलांना किंमत नाही. मी आता अशांना सरळ सांगतो, द्यायचं तर पूर्ण वर्गाला द्या, नाहीतर आमच्या कपाटात ठेवून जा, आम्ही बघून घेऊ. काहीजण रागावून परत जातात. जाऊ देत.

हॉटेलातल्या मुलांची चढण ठरलेली असते. आधी मोरीवर भांडी, मग टेबलावर फडका, मग बाहेरवाला, म्हणजे आसपासच्या दुकानांत आणि ऑफिसांत चहा पोचवणारा, आणि अंगाने भरला की वेटर. राहणं हॉटेलातच. शटर ओढलं की टेबलं जोडून झोपायचं. पगार शेठकडे जमा, मधूनमधून खर्ची, आणि गावी जाताना हिशेब. मोरीवरच्या मुलाचा हात लगेच ओळखू येतो. सोड्याने बोटांच्या पेरांची सालं निघालेली असतात, आणि पेन धरला की त्या भेगांत शाई उतरते. चंदगड-आजऱ्याची, खेड-मंडणगडची अशी कितीतरी मुलं माझ्या वर्गात बसून गेली.

त्यातल्या एकाला आठच्या सुट्टीत गावाहून वडिलांचा फोन यायचा. एकदा मी शेजारीच उभा होतो. वडील विचारत होते, बैल विकावा का, गिऱ्हाईक आलंय. हा सोळा वर्षांचा मुलगा जिन्याच्या कठड्याला टेकून शांतपणे सांगत होता, “आत्ता नको. पेरणी होऊ दे. सोसायटीचा हप्ता मी बघतो.” फोन ठेवला, वर्गात आला, आणि पंख्याखालच्या बाकावरून दुसऱ्या मुलाशी अशी मारामारी केली की सदऱ्याची बटणं तुटली.

नव्या शिक्षकांना या दांडगाईचा फार त्रास होतो. ते म्हणतात, एवढी कमावती मुलं, अक्कल कशी नाही? मी नवा असताना तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला सांगितलं होतं, “ही मुलं दिवसभर मोठी असतात. तीन तास लहान होऊ देत.” मला ते पटलं आणि आजही पटतं. घरी तो कर्ता आहे, कामावर तो ‘ए पोऱ्या’ आहे. खडू फेकून मारायला, कुणाला टोपणनाव ठेवायला, बाकावर डोकं टेकून रुसून बसायला त्याला जगात हीच एक जागा आहे. शाळेत शिकवण्याइतकंच हेही आमचं काम आहे असं मी मानतो. वर्गात फार गुणी, फार शांत, काहीही न मागणारा मुलगा आला की मी त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवतो. दंगा करणाऱ्याची मला तेवढी काळजी वाटत नाही.

कवी नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले, हे मी दरवर्षी दहावीला सांगतो. कविता नंतर. आधी शिपाई हा शब्द ऐकून मागच्या बाकावरची दोन-तीन डोकी वर होतात. ऑफिसात शिपायाचं काम करणारी मुलं तिथे बसलेली असतात.

मुलींचं गणित आणखी अवघड. रात्री साडेनऊला शाळा सुटणार, म्हणजे घरी कुणीतरी न्यायला यायला हवं. दिवसाच्या शाळेची मुलींची मोरी संध्याकाळी कुलूपबंद, किल्ली कुणाकडे यावरून आम्ही कित्येक महिने भांडलो. त्यात चाळीत आणि वस्तीत प्रश्न, एवढ्या रात्रीची कुठून येते? म्हणून बऱ्याच जणी शेजारी सांगतात, शिवणक्लासला जाते.

एक मुलगी दादरकडच्या एका घरात कामाला होती. सकाळी सात ते दुपारी दोन, परत चार ते सहा. त्या घरातली मुलगीही त्या वर्षी दहावीलाच होती. माध्यम वेगळं, बोर्ड एकच. ही भांडी घासायची तेव्हा आतल्या खोलीत त्या मुलीचे शिक्षक येऊन भूमिती शिकवायचे, आणि ही नळ बारीक सोडून ऐकायची. प्रमेयं तिला बऱ्यापैकी यायची. परीक्षा मार्चमध्ये, पेपर सकाळी अकराला. तिने त्या बाईंकडे सुट्टी मागितली ती अशी, “शिमग्याला गावी जायचंय, पालखी घरी येते.” सुट्टी मिळाली. बाईंनी देवीसाठी नारळ आणि एकशे एक रुपये दिले. मुलगी मुंबईतच राहिली आणि सगळे पेपर दिले. पास झाली, अठ्ठावन्न टक्के.

मी तिला विचारलं, “अगं, त्या बाई एवढ्या चांगल्या आहेत, परीक्षा आहे म्हणून सांगायचं होतंस.”

ती म्हणाली, “सांगितलं असतं तर सुट्टी दिली असती त्यांनी, सर. पण मग त्यांना कळलं असतं की ही शिकतेय, म्हणजे जाणार. त्यांनी दुसरी बाई बघून ठेवली असती. आणि मी नापास झाले असते, तर कामही गेलं असतं आणि दहावीही.”

सोळाव्या वर्षी तिने हे सगळं मनात मांडून ठेवलं होतं. सुखवस्तू घरातलं मूल नापास झालं तर वर्ष जातं, क्लासची फी जाते, घरी बोलणी बसतात. इथे नापास होण्याला जागाच नाही. मला वाटतं, पैशापेक्षाही याच गोष्टीने ही मुलं लवकर म्हातारी होतात. धडपडायला, चुकायला, एखादी गोष्ट करून बघून सोडून द्यायला जी ऐसपैस वर्षं लागतात ती त्यांना मिळत नाहीत. कुणी चित्र छान काढतं, कुणी कबड्डीत पटाईत असतं. पण ‘करून तर बघू’ हे वाक्य मी आमच्या वर्गात फार क्वचित ऐकलं.

आणि कायदाही नेमका याच वयात मोकळा होतो. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलात आणि घरकामाला ठेवायला बंदी आली. 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क मिळाला. 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला, त्यात चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांची बंदी आहे. म्हणजे चौदावं सरलं की शाळेचा हक्क संपतो आणि कामाचं दार उघडतं, एकाच वाढदिवशी. याच कायद्यात संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात या मुलांकडून काम घेऊ नये असंही लिहिलेलं आहे. हॉटेलची खरी गर्दी सातनंतर होते. आमचा दुसरा तास सातनंतर सुरू होतो. जे शेठ मुलाला वेळेवर सोडतात ते आपल्या भलेपणाने सोडतात, कायद्याला भिऊन सोडणारा मला अजून भेटायचा आहे. चांगले शेठ नाहीत असं नाही. मुलाच्या दहावीच्या फॉर्मचे पैसे भरणारे, परीक्षेच्या काळात त्याला मोरीवरून उठवून गल्ल्यामागे अभ्यासाला बसवणारे मी पाहिलेत. पण एखाद्या मुलाचं शिक्षण शेठच्या स्वभावावर अवलंबून असावं, ही काही बरी व्यवस्था नव्हे.

मुलांनी घातलेल्या पडद्याला हात लावायचा नाही, हे मी वर्षानुवर्षं पाळत आलो. तो कधी फाडावा लागतो, हे मला एका खोकल्याने शिकवलं.

2018 चा पावसाळा असेल. दहावीतला एक मुलगा, हॉटेलात भटारखान्यात हाताखाली काम करायचा. खोकायचा. विचारलं की म्हणायचा, “फोडणीचा ठसका बसतो, सर, सवयीचं आहे.” कारण चोख होतं. दिवसभर मिरचीच्या फोडणीत उभा राहणाऱ्याला ठसका बसणारच. एकदा तो फळ्यावर गणित सोडवायला उठला आणि माझं लक्ष त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं होती, एकापुढे एक तीन, आणि शेवटचं अगदी ताजं, कडा अजून पांढऱ्या. जुन्या भोकाजवळ बकलाचा वळ उमटलेला दिसत होता. ते अंतर चार बोटं तरी असेल.

त्याला दवाखान्यात चल म्हटलं असतं तर तो आला नसता. मी म्हटलं, “मला महापालिकेच्या दवाखान्यात जायचंय, एकटा कंटाळतो, सकाळी तासभर सोबत येशील?” शिक्षकाने सोबत मागितली म्हटल्यावर तो आला. माझी तपासणी झाली, मग त्याचीही. थुंकी तपासायला दिली. क्षय निघाला.

खरं अवघड पुढे होतं. औषध फुकट होतं, सहा महिन्यांचं, मध्येच सोडलं तर आजार हाताबाहेर जाणारं. पण तो राहायचा हॉटेलात. रात्री सात-आठ मुलं एका हॉलमध्ये झोपायची. सांगितलं तर नोकरी जाणार, न सांगावं तर बाकीच्यांचं काय? तो मला म्हणाला, “सर, तुम्ही कुणाला बोलू नका, मी गोळ्या घेतो, तोंडाला रुमाल बांधतो.” मी त्याला सांगितलं की हे झाकता येणार नाही, तुझ्याबरोबर झोपणाऱ्या मुलांचीही तपासणी व्हायला हवी. तू सांग, नाहीतर मला सांगावं लागेल. तो उठून गेला. आठवडाभर शाळेत आला नाही. त्या आठवड्यात मी दोनदा हॉटेलच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो आणि आत गेलो नाही, कारण त्याला स्वतःहून बोलायला वेळ द्यायचा होता.

शेवटी त्याने भटारखान्यातल्या मुख्य आचाऱ्याला सांगितलं. तो त्याच्याच गावचा. आचाऱ्याने शेठच्या कानावर घातलं. शेठने मुलाला कामावरून कमी केलं, पण हिशेब पूर्ण दिला, वर गावी जाण्याचं भाडं दिलं, आणि बाकीच्या मुलांना तपासणीला पाठवलं. त्यात आणखी एकाला निघाला. याची औषधं गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू राहिली. क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा पाचशे रुपये बँकेत देण्याची सरकारी योजना त्याच वर्षी एप्रिलपासून सुरू झाली होती, त्यासाठी त्याचं पहिलं बँक खातं उघडलं. वर्ष बुडालं. पुढच्या जूनमध्ये तो परत आला तेव्हा गाल भरले होते. एका कॅन्टीनमध्ये त्याला काम मिळालं आणि त्याने दहावी दिली.

तेव्हापासून मी मनाशी ठरवून टाकलंय. भूक, पैसे, घर, बापाची दारू, हे मूल झाकत असेल तर झाकू द्यावं आणि मागच्या दाराने हात द्यावा. आजार, मारहाण आणि अंगचटीला येणारा माणूस, हे मात्र झाकू द्यायचं नाही. मूल रागावलं तरी चालेल, अबोला धरला तरी चालेल.

मोबाईलविषयी थोडं बोलायला हवं, कारण त्यावरून या मुलांना फार बोलणी खावी लागतात. घरात खायला नाही आणि हातात हप्त्यावरचा मोबाईल, पायात कंपनीच्या नावाचे नकली बूट, केसांना रंग. मोठी माणसं चिडतात. माझ्या मते त्यात चिडण्यासारखं काही नाही. लोकलच्या डब्यात, मॉलसमोरच्या रस्त्यावर त्याच्याकडे बघणाऱ्याला तो कुठल्या खोलीतून आलाय हे दिसू नये एवढीच त्याची धडपड असते. आमच्या शाळेच्या आसपासच्या गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आणि मॉल आहेत. मुलांचे आजोबा जिथे साचे चालवत होते तिथे मुलं पार्सल पोचवतात आणि सेक्युरिटीवाला त्यांना मागच्या लिफ्टने पाठवतो. अशा ठिकाणी रोज जाणाऱ्या मुलाने बरे बूट घालावेत की नाही, हे मी कोण ठरवणार? आम्ही संपाच्या वर्षी शर्टाची कॉलर उलटी करून शिवायचो, तेही त्यासाठीच.

2020 च्या टाळेबंदीत कारणंही बदलली. दहावीचा भूगोलाचा पेपर 23 मार्चला होता, तो आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. हॉटेलं बंद पडली, मुलं मिळेल त्या वाहनाने, काही जण चालतसुद्धा, गावी गेली. ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा “रेंज नाही, सर” हे नवं उत्तर आलं. काहींना खरंच रेंज नव्हती, बाकीच्यांकडे रिचार्जला पैसे नव्हते. आम्ही धडे आवाजात रेकॉर्ड करून पाठवायला लागलो, म्हणजे व्हिडिओपेक्षा नेट कमी खर्च होतं, आणि कुणालाही वेगळं काही सांगावं लागलं नाही. 2021 साली परीक्षाच झाली नाही, राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. आमच्यातला एक मुलगा गुणपत्रिका घ्यायला आला तो रडवेला होऊन. तीन वर्षं कामावरून धावत येऊन त्याने ज्या पेपराची तयारी केली होती तो पेपर त्याला मिळालाच नाही. “लोक म्हणतात कोरोनाची बॅच, फुकट पास,” तो म्हणाला. बाकी सगळी मुलं खूश होती. त्याला मी काय सांगणार होतो? त्याचं दुःख खरं होतं.

माझा एक जुना विद्यार्थी आज स्वतःचं छोटं हॉटेल चालवतो. मोरीपासून सुरुवात केलेला मुलगा. त्याच्याकडे कामाला असलेली चौदा वर्षांपुढची मुलं तो सहाला सोडतो, पगार कापत नाही, आणि जूनमध्ये त्यांना घेऊन स्वतः माझ्याकडे नाव घालायला येतो. मध्ये आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला त्याने मुलांशी बोलावं असं मी सुचवलं. तो नको म्हणाला. त्याच्या मुलांना, बायकोच्या माहेरच्यांना त्याने भांडी घासल्याचं माहीत नाही. मुलं इंग्रजी शाळेत आहेत. मी त्याला म्हटलं, अरे, यात लपवण्यासारखं काय आहे, अभिमानाची गोष्ट आहे. तो म्हणाला, “तुमच्यासाठी आहे, सर. मला अजून मोरीचा वास येतो.” मला वाटतं त्याने सांगावं. त्याच्या मुलांना बाप अधिक कळेल. पण सांगायचं केव्हा आणि कुणाला, हे त्याचं त्याने ठरवायचं, म्हणून मी तो विषय परत काढला नाही. यंदा त्याने आठवीला दोन मुलं आणून बसवली आहेत. त्यातल्या एकाचं इंग्रजी फार कच्चं आहे, त्याला मी साडेनऊनंतर थोडा वेळ थांबवून घेतो.